भिंतीवर तेवीस, घरात थंडी

॥ श्री ॥

अ‍ॅबर्डीन
६ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फराळाचं खोकं काल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला आहे, पण चव आईच्याच हाताची आहे, त्यामुळे चमच्याने खाते आहे. अनारसे मात्र अख्खे आले. आईला सांगा, सातव्या महिन्यातली बाई काय काय फस्त करू शकते याची तिला कल्पना असेलच.

आता मुद्द्याचं. प्रणवदादा म्हणाला, सिंगापूरची फोनची लाइन वाईट आहे म्हणून तुम्ही फोनवर बोलत नाही, काय असेल ते लिहून कळव. बरं, लिहिते. आमच्या नव्या घराचं हीटिंग बिघडलं आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटात बॉयलर आहे. तो पाणी तापवतो आणि ते नळ्यांमधून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. बाहेरच्या दारापाशी पॅसेजच्या भिंतीवर थर्मोस्टॅट आहे. त्यावर वीस डिग्री लावलं की घर वीस होईपर्यंत बॉयलर चालायचा आणि मग आपण होऊन थांबायचा. दिवाळीपर्यंत हे सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. आता रेडिएटर हात लावावा तर गार दगड. मध्येच कधीतरी आपल्या मर्जीने सुरू होतात आणि थोड्या वेळात परत बंद. गंमत म्हणजे नळाला पाणी मात्र कढत येतं.

अनीश समुद्रातल्या पवनचक्क्यांवर गेला आहे. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे सध्या मी, पोटातलं बाळ आणि तीन रजया. तुम्ही जन्मभर साखर कारखान्याचे बॉयलर सांभाळलेत, हा तर कपाटात मावणारा आहे. सांगा काय करू. आई डिसेंबरात बाळंतपणाला येईपर्यंत घर उबदार व्हायला हवं.

कळावे. रागावलात तरी उत्तर पाठवा.

तुमची
निहू

---

तोआ पायोह, सिंगापूर
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. निहारिका हीस
अ. उ. आ.

तुझं पत्र विभाने टॅबवर मोठ्या अक्षरात लावून दिलं. मी हे कागदावर लिहितो आहे, ती ऑफिसला जाण्याआधी फोटो काढून पाठवेल. सूनबाई गुणी आहे, फक्त फार भरभर बोलते.

बॉयलर लहान असला म्हणून त्याला कमी लेखू नकोस. मोठा बॉयलर बिघडला तर गर्जना करून सांगतो, लहान मात्र गुपचूप बसतो. गळीत हंगामाच्या आरंभी आपल्याकडे अग्निप्रदीपनाची पूजा व्हायची, तुझी आई आणि मी उभयता बसायचो, आठवतं का? त्या दिवशी नारळ फोडण्याआधी मी पाण्याचा दाब स्वतः बघत असे. देवावर भरवसा होताच, पण काट्यावरही नजर असे.

तुझ्याकडे नळाला गरम पाणी येतं, म्हणजे गॅस आणि ज्योत ठीक आहे. माझं निदान: नळ्यांत हवा अडकली आहे. प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा स्क्रू असेल, तो किंचित सैल कर. फुस्स आवाज येऊन हवा जाईल, मग पाणी दिसलं की लगेच आवळ. खाली भांडं धर. वाकताना जप, जमिनीवर बसूनच कर.

इथे माझं काही ठीक चाललेलं नाही, म्हणजे तब्येत उत्तम आहे. प्रणव वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसला जातो तो अंधार पडल्यावर उगवतो. मी सकाळी खाली हॉकर सेंटरमध्ये कॉफी पितो, मग मजल्याच्या लांबलचक गॅलरीत येरझाऱ्या घालतो, शेजारची चिनी आजी मला पाहून घड्याळ लावत असावी. घामाच्या धारा लागल्या आहेत आणि डोक्यात दिवसभर तुझी थंडी. जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. तुझ्या आईची छाती दर थंडीत भरते. घर रात्रंदिवस वीस अंशांवर टिकतं असं तू मला कळवशील, तेव्हाच ती विमानात बसेल. त्याआधी नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

मायेत अंतर नाही, हे सांगायला नको.

तुझा
बाबा

---

अ‍ॅबर्डीन
१६ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे जमिनीवर बसून सगळे स्क्रू सैल केले. दोनांतून फुस्स झालं. तिसऱ्यातून शाईसारखं काळं पाणी आलं, भांडं चुकवून गालिच्यावर गेलं, आणि मला उठताच येईना. तशीच बसून आधी रडले, मग हसले. रेडिएटर अजून गारच आहेत.

मग प्लंबर बोलावला. खूप मोठा माणूस, एकेक अवजार आणायला गाडीपर्यंत दहा वेळा गेला असेल, बाहेरचं दार तोवर सताड उघडं. आणि काय सांगू, तो असेपर्यंत बॉयलर असा धडाधड चालला की मला लाज वाटली. त्याने सगळं तपासलं आणि बॉयलर ठणठणीत आहे, मी काळजी करणं सोडावं, असा सल्ला देऊन गेला. तो गेल्यावर मी दार लावलं, चहा केला, आणि बॉयलर बंद! माहेरची माणसं आली की गोड वागणाऱ्या सासूसारखं या यंत्राचं आहे.

आज रात्री मी भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघितला. तो घराचं तापमान तेवीस दाखवतो. बाळाच्या खोलीसाठी मीनलने, म्हणजे माझ्या इथल्या मैत्रिणीने, एक छोटा थर्मामीटर दिला आहे, तो तेरा दाखवतो. मी अंगावर दोन स्वेटर, मोजे आणि अनीशचं जाकीट घालून बसले आहे. तेवीस कुठे आहे, मला भेटेल का?

बाबा, एक विचारते. वीस अंशांची अट तुम्ही खरंच आईच्या छातीसाठी घातली आहे ना? मला आई हवी आहे. घर थंड असलं तरी हवी आहे. मीनल म्हणते तिच्याकडे राहायला ये, पण मला माझ्या घरात, माझ्या आईजवळ राहायचं आहे. रात्री बाळ हललं की कुणाला सांगू ते कळत नाही.

रागावून लिहिलं आहे, तरी प्रेमाने वाचा.

तुमची
निहू

---

तोआ पायोह
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. निहारिका हीस
अ. उ. आ.

गालिच्याचं वाईट वाटलं. काळं पाणी येणारच, नळ्यांतला गंज असतो तो. पण तुला जमिनीवर बसवून उठता न येण्याची वेळ मी आणली, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

तेवीस आणि तेरा, हे मात्र तू कामाचं लिहिलंस. चोर सापडला. भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोटं बोलतो आहे. घर तापलं असं तो बॉयलरला सांगतो, बॉयलर बिचारा हुकमाचा ताबेदार, थांबतो. प्लंबरला हे कळू नये म्हणजे कमाल आहे. थर्मोस्टॅट नवा बसवून घे.

आईबद्दल तू जे विचारलंस, ते वाचलं. छाती हे कारण खरं आहे. दुसरं कारण असेल तर ते माझ्या ध्यानात नाही. काल जेवताना इथेही सगळे काहीतरी जोरात बोलत होते, मी म्हटलं चालू द्या. मीनलकडे जायला हरकत काय आहे? हट्ट कमी कर, तो तू माझ्याकडून घेतला आहेस आणि मला तो परवडला नाही.

थर्मोस्टॅट बसला की लगेच कळव. तोवर मी गॅलरीत आहेच.

तुझा
बाबा

---

तोआ पायोह
२० नोव्हेंबर २०२४

माझ्या सोन्या निहू,
खूप खूप आशीर्वाद.

हे मी विभाच्या फोनवर एका बोटाने टाइप करते आहे, चुका पदरात घे. हे बाबांना दाखवायचं नाही.

तुला वाटतं बाबा मला अडवताहेत. अगं, त्यांच्या परवानगीसाठी मी थांबेन असं तुला वाटलं तरी कसं? व्हिसा झाला आहे, लोकरी मोजे विणून झाले आहेत, डिंकाच्या लाडवांचं सामान तेक्काच्या बाजारातून आणून ठेवलं आहे. मला अडवतं ते वेगळंच आहे.

तुझ्या बाबांना ऐकू येत नाही. थोडंसं नाही, फारच कमी. भट्टीपाशी कान गेले ते गेलेच, पण इथे आल्यापासून जास्त जाणवतं. जेवताना प्रणव-विभा बोलतात, ते मान हलवतात, आणि नंतर ताटं आवरताना मी त्यांना हळूच सगळं पुन्हा सांगते. दुकानात, डॉक्टरांकडे, लिफ्टमध्ये, सगळीकडे तेच. फोनची लाइन वाईट वगैरे काही नाही. मुलांना कळू नये म्हणून आम्ही दोघं हा खेळ खेळतो आणि मी त्यात इतकी मुरले आहे की मलाच तो खेळ वाटेनासा झाला. मी तुझ्याकडे आले तर ते या घरात एकटे पडतील, माणसांत बसून एकटे. त्यांना ते माहीत आहे. म्हणून ती वीस अंशांची अट.

इकडे नवरा, तिकडे लेक. माझा जीव दोन्हीकडे ओढला जातो आणि मला रात्री झोप लागत नाही. पण तू एवढं जाण, तुझ्या हाकेला मी येणार. फक्त त्यांनी आपण होऊन जा म्हणावं असं मला फार वाटतं.

देवापुढचा दिवा सांभाळते आहेस ना? तेवढाच माझ्या मनाला आधार आहे.

तुझी
आई

---

अ‍ॅबर्डीन
२७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा चोर निर्दोष सुटला. अनीश घरी आला आहे, त्याने नवा थर्मोस्टॅट बसवला. नवाही तेवीसच दाखवतो! आता अनीश म्हणतो की घराची वास्तुशांत करायला हवी, आणि तो गमतीत म्हणतो की खरंच, मला कळत नाही.

एक मात्र आमच्या लक्षात आलं. बाहेरचं दार उघडं राहिलं की बॉयलर सुरू होतो. काल अनीश बाजारातून सामान आणत होता, तेव्हा तसंच झालं. दार लावून थोडा वेळ गेला की बंद. दार आणि बॉयलर यांचा काय संबंध, तुम्हीच सांगा.

तुम्ही आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं, थर्मोस्टॅट कुठे आहे ते नीट लिहिते. दारातून आलं की डावीकडे कोट अडकवायच्या खुंट्या, मग आरसा, मग आधीच्या मालकांनी केलेली एक लाकडी फळी. ती पूर्वेकडच्या भिंतीला आहे म्हणून त्यावर मी देव मांडले आहेत. देवांच्या वर हातभरावर थर्मोस्टॅट. बाकी तिथे काही नाही, फक्त आईने सांगितलेला अखंड दिवा, काचेच्या हंडीतला. बाळ सुखरूप होईपर्यंत विझू द्यायचा नाही म्हणून लक्ष्मीपूजनाला लावला तो तेवतो आहे. तुम्हाला माहीतच असेल, आईने फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही तिच्या शेजारीच बसला होतात.

बरं, एक खरं सांगते. माझं आता वीस अंशांकडे लक्ष नाही. मला फक्त आई कधी येते ते सांगा.

लोभ आहे, तो थंडीत गोठू देऊ नका.

तुमची
निहू

---

तोआ पायोह
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. निहारिका हीस
अ. उ. आ.

अगं वेडे! दिवा! दिवा!

तुझं पत्र वाचून मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की विभा आंघोळीतून धावत आली. थर्मोस्टॅट म्हणजे काय, तर भिंतीवर बसलेला एक भोळा पहारेकरी. त्याच्या पायाशी तू रात्रंदिवस ज्योत ठेवलीस. हंडीतली ऊब सरळ वर, त्याच्या नाकाशी. त्याला वाटतं सगळं घर तेवीस डिग्री, तो बॉयलरला झोपायला सांगतो. दार उघडलं की बाहेरचा वारा त्याच्या तोंडावर येतो, तो दचकतो आणि बॉयलरला उठवतो. प्लंबरही असाच फसला. दिवाळीपासून बिघाड, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी मात्र हवा, गंज, नवा थर्मोस्टॅट करत बसलो.

देव स्वयंपाकघरात ने, दिवा विझू न देता. देव खोली बदलल्याने रागावत नाहीत. दिव्याला काही करू नकोस, त्याने आपलं काम चोख केलं आहे.

हे मी तुझ्या आईला सांगितलं. ती खुर्चीत बसली, आणि लेकीला मीच थंडीत बसवलं म्हणून पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, तू ऊब पाठवलीस, ती दुसऱ्याच कुणाला लागली, एवढंच. मग रडता रडता हसली. तुमचं दिव्याचं बोलणं झालं तेव्हा मी शेजारी होतो म्हणे. लक्ष पेपरात असेल माझं. एरवी त्याच दिवशी सांगितलं असतं आणि तुझे जवळजवळ चार आठवडे थंडीत गेले नसते. याची मला फार रुखरुख लागली आहे.

तुझ्या घरात वीस डिग्री टिकली की नाही, हे आता कळव किंवा नको कळवूस. तिकीट काढायला मी प्रणवला सांगून टाकलं आहे. तुझी आई दमयंती ९ डिसेंबरला निघेल. एकटीने विमानात बसायची तिची पहिली वेळ आहे, लंडनला बदलायचं आहे, म्हणून मी तिला कागदावर बाण काढून दिले आहेत. ती म्हणते तिला वाचता येतं.

तिला सांभाळ. ती तुला सांभाळायला येते आहे, तरीही.

तुझा
बाबा

---

तोआ पायोह, सिंगापूर
४ फेब्रुवारी २०२५

सौ. दमयंतीस,
उद्धवचा सप्रेम नमस्कार.

लग्नानंतर तुला पत्र लिहिण्याची वेळच आली नाही, त्यामुळे मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. चूक असेल तर आल्यावर सांग.

नातीचा फोटो बघितला. नाक तुझं आहे, बाकी अजून ठरायचं आहे. कावीळ उतरली हे वाचून बरं वाटलं. निहारिकेला अजून उठबस जड जाते आणि अनीश पुन्हा समुद्रावर गेला आहे, हे मात्र मला काल कळलं. ते कसं कळलं, तेच लिहायला बसलो आहे.

तू गेल्यावर मी आपली पद्धत चालू ठेवली. सगळ्याला मान हलवायची. ताटं आवरताना सांगणारं कुणी नव्हतं, तरी हलवायची. त्यातून मी जुरोंग ईस्टला प्रणवच्या मित्राच्या काँडो सोसायटीत ज्येष्ठांच्या मेळाव्यात बॉयलरवर भाषण द्यायला कबूल झालो, हे मला मेळाव्याच्या सकाळी समजलं. भाषण बरं झालं. नंतर लोकांनी प्रश्न विचारले, त्यांना मी काय उत्तरं दिली ते त्यांनाच माहीत. सगळे हसले एवढं खरं.

पण काल जेवताना प्रणवचा चेहरा उतरलेला दिसला. विभा माझ्याकडे बघेना. दोघं काहीतरी बोलत होते, मी वरण-भात खात होतो, आणि एकदम मला वाटलं, हे माझ्याबद्दल आहे. घास तसाच राहिला. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. मोठ्याने म्हटलं असावं, कारण मांजर टेबलाखालून पळालं. पुन्हा म्हटलं, मला तुमचं काहीएक ऐकू येत नाही, दमयंती मला नंतर सांगायची.

प्रणव उठून माझ्या समोर येऊन बसला. विभाने माझ्या तोंडाकडे बघून सावकाश सांगितलं की दोघांना हे कधीचं माहीत आहे, मी आपण होऊन सांगेन याची ते वाट बघत होते. मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. निहारिकेने आठवड्यापूर्वीच फोन केला होता. आई एप्रिलपर्यंत राहिली तर बरं, पण बाबांना विचारल्याशिवाय आई हो म्हणत नाही, असं तिचं म्हणणं. प्रणवने मला तीनदा विचारलं होतं. तीनदा मी त्याच्यासमोर जेवत राहिलो. त्यांनी समजून घेतलं, बाबांची इच्छा नाही.

दमयंती, मला हे ऐकून फार वाईट वाटलं. तिकडे बाळंतीण पोर वाट बघते आहे, तू माझ्या होकारासाठी थांबली आहेस, आणि मी इकडे मीठ मागतो आहे. एवढ्या वर्षांत कुणी मला निष्ठुर म्हटलं नव्हतं. या आठवड्यात माझ्या घरात सगळ्यांनी मनात म्हटलं, आणि मला त्याचा पत्ता नाही.

तर आता माझं उत्तर, माझ्या हाताने. तुझं २० तारखेचं परतीचं तिकीट पुढे ढकलायला मी प्रणवला सांगितलं आहे. एप्रिलमध्ये ये, तिकडची थंडी सरल्यावर, निहारिका धड चालायला लागल्यावर. मी इथे ठीक आहे. विभा आता माझ्याशी बोलताना थांबून, तोंडाकडे बघून बोलते, त्यामुळे कळलं की ती बरीच विनोदी आहे. मला इतके दिवस वाटायचं ती नुसती घाईत असते.

मला तुझ्यावाचून करमत नाही. हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण म्हणून एक दिवसही आधी येऊ नकोस.

पत्र मिळाल्याचं लिहून कळव. फोन करायचा तर प्रणवच्या फोनवर कर, तो मला शब्द न् शब्द सांगेल.

तुझा
उद्धव